नमद्याचा चौथा कोपरा

हमीदचाचा,

आधी कबुली देते, मग बाकीचं लिहिते. नाहीतर नेहमीसारखं बाकीचंच बोलून होईल आणि कबुली राहून जाईल.

तुमचा नमाजाचा नमदा मी कापला होता. पावणेतीन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, सकाळी नऊच्या सुमारास, तुमच्याच दुकानात, तुमच्याच कात्रीने. एका कोपऱ्यातून, वीतभर. मुद्दाम नव्हता कापला. पण कापल्यावर कळलं आणि कळल्यावर मी गप्प बसले. ते गप्प बसणं मात्र मुद्दाम होतं.

काल तुमचा चाळीसावा झाला. हे तुमच्या तोंडावर सांगायचं मी किती वेळा ठरवलं होतं ते माझं मलाच ठाऊक. आता लिहिते आहे. मला असं लिहिता येतं की नाही, सांगता येत नाही. आमच्या घरात आजवर कुणी कुणाला पत्रसुद्धा लिहिलेलं नाही. काही चुकलं तर तुम्ही नेहमी म्हणायचात तसं म्हणा, "बीए, श्वास घे अन् पुन्हा म्हण."

आमच्या गावाहून ब्रह्मपुरीला सकाळी एकच बस होती. ती मला आठ वाजता आणून सोडायची आणि कॉलेज साडेदहाला. मधले अडीच तास कुठे काढायचे हे प्रवेश घेताना कुणी विचारलं नव्हतं. बसस्टँडच्या बाकावर बसवत नव्हतं, सगळे बघायचे. म्हणून मी समोरच्या दुकानाच्या सावलीत उभी राहायचे. दुकानावर पाटी होती: गादी, रजई, उशी, पेटी व ऑर्गन दुरुस्त करून मिळेल. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही आतून विचारलं,

"कोणाची वाट पाहून राह्यली?"

"कॉलेजची."

"कॉलेज इथी येते का तुले घ्याले?"

मला वाटलं, आता हाकलणार.

"मंग बस ना फळीवर. फळी काई माही नाई. माह्या आज्याची आहे, तो काई म्हणत नाई."

काय शिकतेस विचारलंत, मी बीए म्हटलं, आणि त्या दिवसापासून माझं नाव बीए झालं. प्रणाली तुम्ही फक्त रागावल्यावर म्हणायचात. तीन वर्षांत दोनदा.

मग विचारलंत, कोणाची पोर. मी थोडी अडखळले. वर्गात मी सांगत नव्हते. मग सांगितलं, कुरमाराची, बाबांजवळ मेंढ्या आहेत. तुम्ही हातातला स्क्रूचा पेचकस खाली ठेवलात.

"मेंढ्या आहेत? अन् हे तू तीन दिवसांपासून लपवून राह्यली?"

मेंढ्यांमुळे माझा कुणी मान ठेवला अशी ती पहिली वेळ.

तुम्ही पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरणारे, एवढंच मला माहीत होतं. तुमच्या आजोबांच्या आणि अब्बांच्या हातात कापसाआधी लोकर होती, हे मला तुम्ही सांगितलंत. कुरमारांनी लोकर आणायची आणि पिंजाऱ्यांनी तिचा नमदा करायचा. नमदा म्हणजे काय, हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना सांगावं लागतं. लोकर कातायची नाही, विणायची नाही. पिंजून थर द्यायचे, गरम पाणी मारायचं, गुंडाळायचं आणि लाटत राहायचं, तुडवत राहायचं. केस न् केस शेजारच्या केसाला धरून बसतो आणि एक जाड, मऊ, न उसवणारं पान तयार होतं. त्याला धागा नसतो, शिवण नसते, काठ नसतो. कुठूनही कापा, सुटत नाही.

त्यावरूनच आपलं भांडण सुरू झालं. गृहअर्थशास्त्राच्या मॅडमनी वहीत उतरवून दिलं होतं की उभे आणि आडवे धागे एकमेकांत गुंतवून तयार होतं ते कापड. मी फळीवर बसून पाठ करत होते. तुम्ही ऑर्गनच्या भात्याला चामडं चिकटवत होतात.

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

"अन् नमदा?"

"नमदा कापड नाही, चाचा. त्यात धागाच नाही."

"मेंढीच्या आंगावर धागा असते का?"

"नाही."

"थंडी वाजते का तिले?"

"नाही."

"मंग ते बिचारी काय नेसून फिरते?"

मी म्हटलं, परीक्षेत असं लिहिलं तर शून्य मिळेल. तुम्ही म्हणालात, मग परीक्षेत तसं लिही आणि इथे बसून असं मान. मी म्हटलं, मी दोन्हीकडे तेच मानीन. आतून चाची म्हणाली, "पोरीले अभ्यास करू दे, सकाळी सकाळी माग लावून बसले." पडद्यामागून चहा आला. तुमच्या दुकानाच्या आणि घराच्या मध्ये तो एकच निळा पडदा होता. त्याच्याअलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे फक्त घरची माणसं.

मग तुम्ही मला रोजचं काम लावलंत. शहरात जिथे नमदा दिसेल ती जागा दुसऱ्या दिवशी सांगायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, कुठेच नाही. तुम्ही म्हणालात, डोळे घरी ठेवून कॉलेजात जातेस का. मग दिसायला लागला. फळा पुसायच्या डस्टरला. स्केचपेनच्या टोकाला. ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटाच्या पायांखाली. बँडवाल्याच्या ढोलावर पडणाऱ्या काठीच्या डोक्याला. एक दिवस मी धावत आले. कार्यालयात माझ्या बोनाफाईडवर शिक्का मारताना बाबूंनी शाईच्या पॅडचं झाकण उघडं ठेवलं होतं, आणि त्या पॅडच्या पोटात नमदा होता. तुम्हाला एवढा आनंद झाला की तुम्ही समोरच्या पानठेल्यावाल्याला हाक मारून सांगितलंत. "पाह्य, हे पोरगी कॉलेजात आहे याचा पुरावा बी नमद्यानंच देल्ला." त्याला काही कळलं नाही. त्याने मान हलवली.

आता तो दिवस.

धान कापणीला आलं की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. त्या सकाळी वडश्याच्या एका नाटक मंडळीचे ऑर्गन मास्तर ऑर्गन जीपमध्ये टाकून आले. त्याच दिवशी त्यांचा हंगामातला पहिला प्रयोग होता.

"हमीदभाई, पट्ट्या खटखट करून राह्यल्या. गाणं कमी अन् टाइपरायटर जास्त. दहाची जीप आहे."

तुम्ही पट्ट्या उचलून पाहिल्या. खालचा नमदा झिजून कागद झाला होता. नवा चिकटवायचा तर सरस संपला होता. तुम्ही चप्पल घालता घालता मला म्हणालात, "बीए, त्या ढिगातला एखादा जुना नमदा पाहून वीतभर काप. मऊ पाहिजे. तोवर मी सरस आणतो."

चाचीने त्या आठवड्यात सगळं अंथरूण-पांघरूण उन्हात घातलं होतं. जुने नमदे पत्र्याच्या पेटीवर रचून ठेवलेले होते. सगळे करडे, सगळे म्हातारे. तुम्ही मऊ म्हणाला होतात म्हणून मी एकेकाला हात लावून पाहिला. सगळ्यात मऊ निघाला त्याचा कोपरा कापला. मास्तर म्हणाले, "वा बाई, हात चांगला आहे तुहा." मी खूश झाले. तो परत गुंडाळायला म्हणून पसरला, तेव्हा मला दिसलं.

त्याच्यावर तीन जागा झिजलेल्या होत्या. दोन शेजारी शेजारी, बशीएवढ्या. आणि तिसरी त्यांच्यापुढे, हातभर अंतरावर, लहान. पहिल्या दोन गुडघ्यांच्या होत्या. तिसरी कपाळाची.

मी तो पटकन गुंडाळला, कापलेला कोपरा आत जाईल असा, आणि ढिगाच्या खाली सारला. तुम्ही सरस घेऊन आलात. मी तुकडा तुमच्या हातात दिला. तुम्ही अंगठ्याने तो चोळून पाहिलात, जरा वेळ. मग म्हणालात, "चांगला निवडला." त्याचे लहान लहान तुकडे करून तुम्ही एकेका पट्टीखाली बसवलेत. मास्तर वाजवून पाहायला बसले. खटखट गेली होती. नुसता सूर येत होता. मास्तर खूश, तुम्ही खूश, आणि मी कॉलेजात जाऊन दिवसभर वहीत एकच ओळ गिरवत बसले.

दुसऱ्या दिवशी सांगेन असं ठरवलं. मी तुम्हाला ओळखत होते जेमतेम चार महिने. फळीवरून उठवाल, ही भीती होती. दुसरी भीती त्याहून मोठी होती, ती लिहायलाही जड जाते. आमच्यासारख्या घरातल्या मुलीने तुमच्या घरातली अशी वस्तू कापली, हे चौकात कुणी ऐकलं तर त्याचं काय करतील, सांगता येत नव्हतं. त्रास तुम्हालाही झाला असता आणि मलाही. म्हणून गप्प बसले. कॉलेज सुटल्यावर परतीच्या बसपर्यंतही मी फळीवरच असायचे, आणि तुम्ही तेव्हा दुपारची नमाज आतल्या खोलीत पढायचात. पडदा ओढला की माझं पाठांतर थांबायचं. पडद्यामागे तुम्ही तीन कोपऱ्यांच्या नमद्यावर बसला आहात, हे मला दिसत नसून दिसायचं. उंदराने कुरतडला असं तुम्हाला वाटलं असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

आठवड्याभराने मी खरंच सांगायला आले होते. वाक्य जुळवलं होतं. तुम्ही नेमकी हत्तीची गोष्ट काढलीत.

तुमच्या अब्बांच्या तरुणपणची गोष्ट. आलापल्लीकडच्या जंगलात सागाचे ओंडके ओढायला हत्ती होते. हत्तीच्या पाठीला साखळदंड घासू नये म्हणून खाली नमदा घालायचे. माहुत दोरीवर गाठी मारून पाठीचं माप घेऊन आला. अब्बांचं एकट्याने केलेलं ते पहिलं मोठं काम. त्यांनी दोरी लावून लोकर बरोबर मापात मांडली, गाठीला गाठ. आणि लाटता लाटता नमदा आवळत गेला, कारण नमदा आवळतोच. माहुताने तो हत्तीच्या पाठीवर टाकला तर तो पाठीच्या मधोमध, टोपीसारखा.

"हत्तीनं सोंड मागं नेली," तुम्ही म्हणालात, "तो नमदा उचलला, अन् माहुताच्या डोक्यावर ठेवून देल्ला. याले होईन म्हणे बरोबर."

मी एवढी हसले की जुळवलेलं वाक्य विसरले. ही गोष्ट मी पुढे पाच-सहा वेळा ऐकली. दर वेळी हत्ती वेगळं काहीतरी करायचा. शेवट मात्र तोच असायचा. "नमदा मोठा मांडाचा, बीए. तो आपला आपण मापात येते. मापात मांडला का गेला."

हसणं थांबल्यावर मी विचारलं, "मग त्या नमद्याचं काय झालं?"

"काय होईन? अब्बांनी घरी आणला. जिंदगीभर त्याच्यावर नमाज पढले. आता मी पढतो."

चहा माझ्या नाकात गेला. तुम्ही पाठीवर थापट्या मारल्यात आणि म्हणालात, "हळू. हत्ती अजून गेला नाई." आज मला कळतं, चाचा, की तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघून का हसत होतात. तेव्हा मला वाटलं, गोष्टीमुळे.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, "तुह्या बाबाजवळ काळी मेंढी आहे का? ओंजळभर लोकर पाहिजे. काळीच पाहिजे."

मी घरी सांगितलं. आमची लोकर कित्येक वर्षांत कुणी मागितली नव्हती. कातरायची आणि नाल्याकाठी टाकून द्यायची. त्यांनी ओंजळभर नाही, पोतंभर लोकर दिली. वरती काळी, खाली पांढरी. ते पोतं घेऊन मी बसमध्ये चढले.

"हे काय आहे?" कंडक्टर म्हणाला.

"लोकर."

"जित्ती आहे का?"

"नाही."

"मंग वास काऊन जित्ता येऊन राह्यला?"

मागून एक आजीबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना बावा. खिडकीजवळ बसव तिच्या मेंढीले, हवा लागू दे." अख्खी बस हसली. पहिल्यांदाच मला मेंढ्यांवरून कुणी हसलं आणि वाईट वाटलं नाही. उतरताना कंडक्टरनेच पोतं खाली दिलं. "अर्धं तिकीट लावाले पाहिजे होतं," म्हणाला.

बाजाराच्या दिवशी बाबा स्वतः आले, लोकर पोचली का बघायला, असं म्हणून. तुमच्या मागच्या अंगणात आपण नमदा केला तो दिवस मला घडी घालून ठेवता आला असता तर ठेवला असता. तुम्ही आजोबांची पिंजण काढलीत. तारेचा टणटण आवाज सुरू झाला आणि लोकर ढगासारखी वर यायला लागली. बांबूच्या चटईवर थर दिले. चाचीने रिठ्याचं गरम पाणी कडुनिंबाच्या डहाळीने शिंपडलं. चटई गुंडाळून दोरीने बांधली. मग तुम्ही आणि बाबा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ती पायाने पुढे-मागे लोटायला लागलात. माझे बाबा, जे कुणाच्या ओसरीवरसुद्धा टेकत नाहीत.

चाची मोजत होती. शंभर लाटा झाल्या की उघडून बघायचं ठरलं होतं. ऐंशीच्या पुढे गेली की ती मध्येच भाजीवालीला काहीतरी विचारायची आणि परत साठपासून सुरू करायची.

"आवं, साठ तं झाले होते," बाबा म्हणाले.

"तुमचे झाले असतील. माहे नाई झाले."

"भाऊ, हे बाई आपल्याले संध्याकाळपर्यंत नाचवते," बाबा तुम्हाला म्हणाले.

"माह्यासोबत चाळीस वर्षं मोजून राह्यली," तुम्ही म्हणालात, "अजून विसावरच आहे."

बाबा एवढे हसले की त्यांचा पाय घसरला आणि तुम्ही दोघंही चटईवर बसलात. चाची म्हणाली, "हे बी एक मोजते मी." उघडलं तेव्हा मांडलं होतं त्याच्या पाऊण झालं होतं, आणि त्यातला एकही केस वेगळा करता येत नव्हता. तो नमदा तुम्ही मला दिलात. बसून अभ्यास कर म्हणालात. आत्ता मी त्याच्यावरच बसले आहे.

काळ्या लोकरीतली ओंजळभर तुम्ही आधीच बाजूला काढून खणात ठेवली होती. मी विचारलं, ती कशाला. म्हणालात, "आहे एक काम. जुनं."

तीन वर्षांत मी काय काय सांगितलं तुम्हाला. पहिल्यांदा एका विषयात नापास झाले ते. मला मास्तरीण व्हायचं आहे ते, जे मी घरीही सांगितलं नव्हतं. फक्त ते एक नाही. उन्हाळ्यात ते ऑर्गन मास्तर पुन्हा आले आणि म्हणाले, ऑर्गन एवढा शांत कधी वाजला नव्हता, काय केलंत. तुम्ही म्हणालात, "त्याले अदब आली आहे." आणि माझ्याकडे पाहून विचारलंत, "हो ना, बीए?" मी हो म्हटलं आणि वहीत डोकं घातलं. एवढं होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बीए करून उपयोग काय, असं तुम्ही म्हणाला असतात तर बरोबर होतं.

आपल्या भांडणाचंही सांगते. शेवटच्या वर्षी मला ग्रंथालयात एक जाड पुस्तक सापडलं. त्यात लिहिलं होतं की माणसाला माग माहीत होण्याच्या आधीपासून नमदा होता, असं बरेच जण मानतात. बर्फाच्या देशात गाडलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांत नमद्याच्या वस्तू निघाल्या, रंगासकट. तिकडे लोक अजून नमद्याच्या घरात राहतात, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही विचारलं होतं, "गुंडाळून नेतेत घर? अन् चाचीले कोण गुंडाळन?" पण त्या पुस्तकात पुढे कापडाचे प्रकार दिले होते, त्यात विणलेलं, गुंफलेलं आणि नमदा, असं स्वच्छ लिहिलं होतं. ते मी दडवलं. तुम्ही जिंकलात हे इतक्यात कळू द्यायचं नव्हतं. परीक्षेत मात्र ‘कापड म्हणजे काय’ याच्या उत्तरात मेंढी घातली. नेसून फिरते हे लिहिलं नाही, बाकी सगळं लिहिलं. तेव्हा ऐका, नमदा कापड आहे. कापडाचा थोरला भाऊ आहे. मी हरले.

परीक्षा संपल्यावर माझं ब्रह्मपुरीला येणं थांबलं. तुम्ही झोपेतच गेलात, हे बाबांना बाजारात कळलं. ते घरी आले आणि मेंढ्या कोंडायच्या सोडून दारात बसून राहिले. म्हणाले, "आपली लोकर वळखणारा गेला."

मागच्या आठवड्यात निकाल लागला. पास झाले. काल घरात पाहुणे असतील म्हणून मी आज गेले. धानाची रोवणी सोडून आले, पायाला अजून चिखल होता. पिशवीत दोन वस्तू होत्या. तुम्ही दिलेला माझा नमदा आणि कात्री. मी ठरवलं होतं, चाचीला सगळं सांगायचं आणि माझ्या नमद्याचा कोपरा कापून तिथे लावायला द्यायचा. रागावली तर रागावली. फळीवर नाही बसू दिलं तर आता तशीही मला फळी लागणार नव्हती.

चाची आत होती. मी पडद्याअलीकडेच उभी राहिले आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. शेवटी माझा नमदा आणि कात्री काढली.

चाचीने पडदा सरकवला. आधी कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता तुहा बी कापतं का?"

मी रडायला लागले.

"निकाल लागला तुहा?"

मला वाटलं, ऐकलंच नाही हिने. मी मान हलवली. "पास."

चाचीने कपाळावर हात मारला आणि खाली बसली. तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. मग कळलं, ती हसते आहे. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हसत होती.

"जिंकला ना तो! मेल्यावर बी जिंकला."

तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं, चाचा. अंगठ्याला कळलं होतं. तुम्ही संध्याकाळी चाचीला सांगितलंत, आणि चाची म्हणाली, नमदा मीच उन्हातून आणून चुकून त्या ढिगात ठेवला, पोरीला बोलू नका. तुम्ही म्हणालात, बोलत नाही, पण ती सांगते केव्हा ते बघू. तुमची पैज लागली. चाची म्हणाली, लग्न होऊन दोन लेकरं झाल्यावर सांगेल. तुम्ही म्हणालात, बीए झाल्यावर. हरेल त्याने शेवया करायच्या.

"अन् मी जर सांगितलंच नसतं तर?"

"नाई सांगत असं तो म्हणलाच नाई कधी."

मग तिने आतून नमदा आणला आणि माझ्यासमोर पसरला. तीन जागा झिजलेल्या होत्या तशाच. आणि चौथा कोपरा तिथे होता. काळा. कापलेली कड तुम्ही घासून मोकळी केली होती, तिच्यावर आमच्या काळ्या मेंढीची लोकर पिंजून थर दिला होता आणि पाणी मारून, तळव्याने चोळून चोळून तो करड्या नमद्यात मिसळवला होता. करडी लोकर दुकानात नक्कीच होती. तुम्हाला काळीच हवी होती. दिसायला हवी होती.

"ओढून पाह्य," चाची म्हणाली.

मी एका हाताने ओढलं. मग दोन्ही हातांनी. पाय रोवून ओढलं. आला नाही. काळं कुठे संपतं आणि करडं कुठे सुरू होतं, ती जागाच सापडत नव्हती.

"तीन दिवस चोळत बसला होता," चाची म्हणाली. "म्हणे, आता हा पूर्ण झाला. आधी नुसता अब्बांचा होता."

ती उठली. हरल्याच्या शेवया करायच्या होत्या. शेवया परतून घेतल्या, दूध चुलीवर ठेवलं, तेवढ्यात अजान झाली. मला म्हणाली, "दूध पाह्य, मी आली," आणि आतल्या खोलीत जाऊन तिने नमदा अंथरला.

पडदा ओढायचा राहिला, असं मला आधी वाटलं. मी ओढायला उठले. तिने तिथूनच हात केला, असू दे.

मग मी चुलीजवळ बसून राहिले. चाची वाकली, टेकली, पुन्हा उठली. तुमच्या जागेवर तिचे गुडघे बरोबर बसत नव्हते, थोडे आतल्या बाजूला येत होते. काळा कोपरा तिच्या उजव्या पावलाशी होता. ती उठताना तो जरा वर यायचा आणि परत बसायचा. मी त्याच्याकडेच बघत होते.

दूध उतू गेलं, चाचा. तेवढी एक चूक मी लगेच सांगितली.